बिल निघायला वेळ का लागतो? छोट्या दुकानातला डेटाबेस

नमस्कार. दोन काउंटर असलेले औषधांचे एक दुकान डोळ्यांसमोर आणा. तेथे एकाच गोळीच्या चार बॅच असतात, प्रत्येकीची एक्स्पायरी वेगळी असते, आणि विक्री झाली की नेमकी कोणती बॅच कमी झाली याची नोंद व्हावीच लागते. सुरुवातीला बिल झटपट निघते. पुढे नोंदी साचत जातात, औषधाचे नाव टाइप केले की स्क्रीन अडकते, आणि मालक नवा संगणक घ्यायच्या विचारात पडतो. माझ्या मते तो खर्च करण्यापूर्वी, डेटाबेसमध्ये, म्हणजे या साऱ्या नोंदी जिथे साठतात तिथे, योग्य रकान्यांवर इंडेक्स (पुस्तकाच्या शेवटी असते तशी शोधसूची) आहेत का, हे सॉफ्टवेअरवाल्याला विचारावे.

इंडेक्स नसेल, तर एक बॅच नंबर शोधण्यासाठी दहा लाख नोंदींचा अख्खा तक्ता वाचावा लागू शकतो. इंडेक्स असेल, तर रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी १९७०च्या सुमारास मांडलेल्या बी-ट्री या रचनेमुळे तीच नोंद डिस्कवरची साधारण तीन-चार पाने (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) वाचून सापडते. सदोष बॅच परत मागवण्याची सूचना आली आणि ती कोणाकोणाला विकली गेली हे तातडीने पाहायचे असले, की या फरकाची किंमत कळते. मात्र सरसकट सगळ्या रकान्यांवर इंडेक्स लावणेही चुकीचे, कारण प्रत्येक नव्या बिलासोबत ते सारे अद्ययावत करावे लागतात.

वेगाइतकाच अचूकपणाही महत्त्वाचा आहे. शेवटची एकच स्ट्रिप उरली असताना दोन्ही काउंटरवर तिचे बिल एकाच क्षणी होऊ लागले, तर काय होईल? नीट लिहिलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये शिल्लक तपासणे, ती कमी करणे आणि बिल नोंदवणे ही तिन्ही कामे एकत्र पूर्ण होतात किंवा एकही होत नाही. त्यामुळे दुसऱ्या काउंटरला ‘माल शिल्लक नाही’ असेच उत्तर मिळते, आणि मध्येच वीज गेली तरी अर्धवट बिल मागे राहत नाही. एक्सेलच्या फाइलकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही.

एकाच संगणकावर काम चालत असेल, तर एसक्यूलाइट हा एकाच फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस पुरेसा आहे. परंतु त्याची फाइल नेटवर्कवर सामायिक ठेवून अनेक संगणकांवरून वापरणे टाळावे, असे त्याचे निर्मातेच सांगतात. काउंटर वाढले, की पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल यांसारखा डेटाबेस सर्व्हर, म्हणजे सगळ्या काउंटरांच्या मागण्या एकाच ठिकाणी हाताळणारा प्रोग्राम, घ्यावा. दोन्ही विनामूल्य मिळतात, पण ते बसवून सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च धरावाच लागतो.

बॅकअपसाठी चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका, कारण त्याच वेळी नोंद होत असेल तर ती प्रत निरुपयोगी ठरू शकते. डेटाबेसचीच बॅकअपची सोय वापरा, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून कालचे शेवटचे बिल त्यात दिसते का, ते तपासा.