पोटगीचा अर्ज कुणासमोर?

(तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय छापलाय : ‘कौटुंबिक न्यायालयाचे मॅजिस्ट्रेट, नेमणूक आणि अधिकार’. पत्रिका हातात पडली तेव्हा वकिली सवयीनं पहिली हरकत मनात आली, की असं पद कायद्यात नाहीच. कौटुंबिक न्यायालयात बसतात ते न्यायाधीश. मॅजिस्ट्रेट फौजदारी कोर्टात बसतात. तुमच्या कार्यवाहांना फोन करून दुरुस्ती सांगणार होते, तेवढ्यात कलम ७ आठवलं आणि फोन ठेवून दिला. पत्रिका लिहिणाऱ्यानं, चुकून का होईना, या कायद्यातली खरी गोम पकडली आहे.

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ सालचा. त्याच्या कलम ७ च्या पहिल्या पोटकलमात या न्यायालयाला दिवाणी अधिकार दिलेत : घटस्फोट, विवाह रद्दबातल ठरवणं, नांदायला येण्याचा दावा, मुलांचा ताबा, नवरा-बायकोतला मालमत्तेचा वाद, वगैरे. हे सगळं आधी जिल्हा न्यायालय किंवा त्याच्या हाताखालची दिवाणी कोर्टं बघत. दुसऱ्या पोटकलमात म्हटलंय, की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या नवव्या प्रकरणाखाली प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटला जे अधिकार आहेत, तेही याच न्यायालयाला. नववं प्रकरण म्हणजे पोटगी. कोर्टाच्या आवारात ज्याला आपण ‘एकशे पंचवीसचा अर्ज’ म्हणतो, तो. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १२५ चं १४४ झालं, पण अजून कारकुनापासून पक्षकारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी १२५च आहे. आणि कलम ८ सांगतं, की जिथं कौटुंबिक न्यायालय स्थापन झालं, तिथं मॅजिस्ट्रेटचा तो अधिकार संपला.

म्हणजे खुर्ची एक, पण तीत बसलेला माणूस सकाळी अकराला दिवाणी न्यायाधीश असतो आणि साडेअकराला पोटगीचा अर्ज पुकारला की मॅजिस्ट्रेट. हे नुसतं नावापुरतं नाही. घटस्फोटाच्या अर्जाला दिवाणी प्रक्रिया संहिता लागते, पोटगीच्या अर्जाला फौजदारी. घटस्फोटाच्या निकालावर उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींपुढे अपील होतं. १२५ च्या आदेशावर अपील नाही, पुनरीक्षण; म्हणजे आदेश बरोबर आणि कायदेशीर आहे का, एवढंच उच्च न्यायालय तपासतं. एकाच जोडप्याची दोन प्रकरणं त्याच टेबलावरून दोन वेगळ्या जिन्यांनी वर जातात. पक्षकाराला हे समजावताना माझ्या नाकी नऊ येतात.

पण बायकोची पोटगी मुळात फौजदारी कायद्यात आलीच कशी? गुन्हा कुठं आहे यात? ब्रिटिशांच्या १८९८ च्या संहितेतही कलम ४८८ होतं. त्यामागचा विचार सरळ होता : टाकलेली बाई, पोरकं पोर रस्त्यावर आलं तर उपासमार आणि भीक, म्हणून मॅजिस्ट्रेटनं झटपट चार पैसे मिळवून द्यावेत. हक्कापेक्षा बंदोबस्ताची ही भाषा आहे. म्हणून रकमाही तशाच. १९७३ च्या संहितेत सगळं मिळून महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ साली उठली. शाहबानो प्रकरणावर एवढा गदारोळ झाला, पण आकडे कुणाच्या लक्षात नाहीत. इंदूरच्या मॅजिस्ट्रेटनं ऑगस्ट १९७९ मध्ये त्यांना महिना २५ रुपये मंजूर केले. नवरा वकील होता. उच्च न्यायालयानं ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. एप्रिल १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालानं देश हलला, तो या १७९ रुपये २० पैशांवर होता. वरच्या २० पैशांचा हिशेब कुणी कसा लावला असेल, याचं मला आजही कुतूहल आहे.

आता नेमणुकीकडे येते. इथं दोन रस्ते आहेत आणि ते एकमेकांपासून फार लांब आहेत.

तुमच्या तालुक्याच्या कोर्टात बसतात ते दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग. हे सगळं एकच पद बरं का, आपण तोंडी जेएमएफसी, म्हणजे ज्युडिशियल मॅजिस्ट्रेट फर्स्ट क्लास, म्हणतो. महाराष्ट्रात त्यांची निवड लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते : पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. मग राज्यघटनेच्या अनुच्छेद २३४ प्रमाणे नेमणूक, आणि भाईंदरजवळ उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण. मधल्या काळात नुकतीच पदवी घेतलेली मुलंही थेट परीक्षेला बसत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. मला हे बरंच झालं वाटतं. सत्तावीस वर्षांचा हुशार मुलगा भूसंपादनाचा कायदा पाठ करून येईल, पण समोरची बाई तीस वर्षांचा संसार सांगताना कुठं गप्प होते, हे ओळखायला कोर्टात थोडी वर्षं बाकावर बसलेलं बरं.

कौटुंबिक न्यायालयाचा न्यायाधीश नेमतं राज्य सरकार, उच्च न्यायालयाच्या सहमतीनं. ‘सहमती’ हा शब्द नीट ऐका. न्यायालय कुठं स्थापायचं, यासाठी कलम ३ मध्ये उच्च न्यायालयाशी नुसती सल्लामसलत पुरते; माणूस नेमायला मात्र उच्च न्यायालयाचा होकार लागतो. पात्रता म्हणजे सात वर्षं न्यायिक पदावर काम, किंवा उच्च न्यायालयात सात वर्षं वकिली. न्यायाधिकरणाचे सदस्य किंवा कायद्याचं खास ज्ञान लागणाऱ्या सरकारी पदावरचे लोकही चालतात. वयाची मर्यादा ६२.

एवढ्यावर थांबला असता तर हा इतर कायद्यांसारखाच एक कायदा झाला असता. पण कलम ४ चं चौथं पोटकलम माणसाच्या स्वभावात शिरतं. त्यात म्हटलंय, की विवाहसंस्थेचं रक्षण व्हावं, ती टिकावी आणि मुलांचं कल्याण व्हावं याची बांधिलकी असलेले, समेट आणि समुपदेशनातून वाद मिटवण्याचा अनुभव असलेले लोक निवडण्याचा प्रयत्न व्हावा. आणि स्त्रियांना प्राधान्य द्यावं. दुसऱ्या कुठल्या न्यायाधीशाबद्दल कायदा असं बोलतो? खुनाचा खटला चालवणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा रे, तुझी कशावर निष्ठा आहे.

माझं या पोटकलमाशी भांडण आहे आणि प्रेमही. भांडण ‘विवाहसंस्था टिकवण्या’शी. या न्यायालयांची कल्पना आपल्याकडे मांडली समाजकार्यकर्त्या दुर्गाबाई देशमुखांनी. १९५३ साली त्या चीनला गेल्या, तिथली कौटुंबिक न्यायालयं पाहिली, परत आल्यावर न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी बोलल्या, पंडित नेहरूंपुढे प्रस्ताव ठेवला. पुढं १९७४ साली विधी आयोगानं आणि स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीनंही हाच आग्रह धरला. मागणी होती, की बाईला कोर्टाच्या भाषेची, खर्चाची, तारखांची भीती वाटू नये. कायदा झाला तेव्हा त्यात संसार वाचवण्याची जबाबदारी येऊन बसली. मार खाऊन आलेल्या बाईला न्यायाधीशानं पहिल्याच तारखेला ‘बघा, जमवून घ्या’ म्हटलं, तर ते कायद्याच्या चौकटीत बसतं, ही अडचण आहे. प्रेम अशासाठी, की माणूस निवडताना त्याच्या ज्ञानापलीकडे काही बघावं, असं कुठल्यातरी कायद्याला सुचलं.

बघतात का? परीक्षा आणि सेवापुस्तक यांतून बांधिलकी दिसत नाही. शिवाय ज्या पदासाठी कायदा इतक्या अपेक्षा लिहितो, त्या पदावरच्या माणसाला पुढचा रस्ता काय? महाराष्ट्रातल्या काही कौटुंबिक न्यायाधीशांनी, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी आमचाही विचार व्हावा, म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. २०१० साली उत्तर आलं, की तुम्ही चालवता ते न्यायालय आहे खरं, पण तुम्ही राज्याच्या ‘न्यायिक सेवे’चे सदस्य नाही, सबब तो हक्क नाही. निकाल कायद्याच्या अक्षराला धरून असेल. पण मनुष्यस्वभावाला धरून विचाराल तर जिथून वर जाता येत नाही अशा खुर्चीकडे कर्तबगार माणूस कशाला वळेल?

अधिकारांपैकी घटस्फोट देण्याचा अधिकार सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला विचाराल तर या न्यायाधीशाची खरी ताकद कार्यपद्धतीत आहे. कलम १४ घ्या. वाद सोडवायला मदत होईल असं त्याला वाटलं, तर पुरावा कायद्यात बसो न बसो, कुठलाही अहवाल, कागद, निवेदन तो विचारात घेऊ शकतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवरा-बायकोतली गुपचूप रेकॉर्ड केलेली संभाषणंही पुराव्यात घेण्याची वाट मोकळी केली. ते प्रकरण भटिंड्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलं होतं. कुणाही एका पक्षानं मागितलं तर सुनावणी बंद दाराआड. साक्ष शब्द न् शब्द उतरवायची गरज नाही, सारांश पुरे. आणि कलम १३ : वकील लावण्याचा हक्क नाही, परवानगी मागावी लागते. या कलमाची मी स्वतःच तक्रारदार, तेव्हा माझं म्हणणं जरा जपूनच घ्या. प्रत्यक्षात परवानगी बहुतेक वेळा मिळते. मुंबई उच्च न्यायालयानंही नव्वदीच्या सुरुवातीलाच वकिलांना दार बंद करू नका, अशीच भूमिका घेतली.

आणि मग मॅजिस्ट्रेटचा हात. पोटगी थकली की वसुलीचं वॉरंट निघतं; तरी दिली नाही, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद. तुरुंगात जाऊन आला म्हणून रक्कम फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वीच स्पष्ट केलंय. माझी एक अशील होती, नवरा गवंडीकाम करायचा, अकरा महिने थकलेले. वॉरंट घेऊया म्हटलं तर मला म्हणाली, ‘‘ताई, त्याला आत नका टाकू. त्याचा रोज बुडाला तर मला कुठनं देणार?’’ त्या दिवशी मी अर्ज पुढं ढकलला.

किती द्यायचं, यावर पूर्वी कुणाचाच पायपोस कुणाच्या पायात नव्हता. नवरा पगार लपवणार, बायको शिवणकाम लपवणार, न्यायाधीश अंदाज बांधणार. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र सक्तीचं केलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरवून दिलं. २०२० पूर्वी आणि नंतर काम केलेल्या कुठल्याही वकिलाला विचारा, फरक पडला का. पडला. खोटं बोलायला आता सहीनिशी खोटं बोलावं लागतं.

तुमच्या गावात कौटुंबिक न्यायालय नाही. दहा लाखांवर वस्तीच्या शहरात ते स्थापणं सक्तीचं आहे. इतरत्र सरकारला वाटलं तर. म्हणून इथं घटस्फोटाचा अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जातो आणि पोटगी अजूनही जेएमएफसींकडेच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं बाईचं घरात राहण्याचं संरक्षण, तेही त्यांच्याचकडे. आणि तो आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद. पत्रिकेतला ‘कौटुंबिक न्यायालयाचा मॅजिस्ट्रेट’ तुम्हाला पुण्या-मुंबईत सापडणार नाही, तो इथंच, बसस्टँडमागच्या इमारतीत, चोरीचे आणि चेकचे खटले चालवता चालवता संसारांकडे बघतो आहे. त्याला नेमताना बांधिलकी बघा, असं कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. पण मागच्या ओळीतल्या आजोबांचा हात मघापासून वर आहे, तेवढा एक प्रश्न घेते... हो, आई-वडिलांनाही मुलाकडून पोटगी मागता येते. मुलगा पुण्यात असला तरी नव्या संहितेप्रमाणे तुम्ही राहता तिथंच, म्हणजे इथल्याच मॅजिस्ट्रेटकडे अर्ज चालतो. दुसरी वाट ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याची, प्रांतांच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, न्यायाधिकरणापुढची. तिथं महिना जास्तीत जास्त १०,००० रुपये. दोन्हीपैकी एकच निवडायची, दोन्हीकडे मागता येत नाही. कुठली ते आत्ता सांगत नाही. कार्यक्रम झाल्यावर थांबा, मुलगा काय करतो ते आधी ऐकते.