फडक्याखालची धूळ

मागच्या रांगांना नीट दिसत नसेल म्हणून सांगतो, टेबलावर हे आडवं ठेवलंय ते गाडीचं बॉनेट आहे. काळ्या रंगाचं. आत्ता या सभागृहाच्या उजेडात ते झकास दिसतंय. आता हा टॉर्च त्याच्यावर धरतो. बघा. टॉर्चभोवती कोळ्यानं जाळं विणावं तसे बारीक गोल गोल चरे दिसतात, आणि टॉर्च सरकवला की ते जाळंही मागोमाग सरकतं.

हे बॉनेट माझ्या पहिल्या गाडीचं. नंतर एकदा गाडी ठोकली, बॉनेट बदलावं लागलं, तेव्हा जुनं मी टाकून दिलं नाही. त्याच्यावर जे चरे आहेत ते अपघाताचे नाहीत, माझ्या प्रेमाचे आहेत. दोन वर्षं रोज सकाळी मी गाडीवर कोरडा फडका मारायचो. शेजाऱ्यांची गाडी महिना-महिना धुळीत उभी असायची, आणि मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवायचो. एका रात्री दोन्ही गाड्या एकाच दिव्याखाली शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. त्यांच्या धूळ खाल्लेल्या गाडीचा रंग आतून शाबूत होता. माझ्या गाडीवर हे जाळं होतं.

आधी या जाळ्याची एक गंमत. चरे गोल दिसतात, म्हणून लोक म्हणतात, 'गोल गोल पुसलंस म्हणून झालं.' तसं नाही. या बॉनेटवर सगळ्या दिशांना जाणारे सरळ, आडवेतिडवे हजारो चरे आहेत. पण उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात, बाकीचे दिसत नाहीत. चमकणारे सगळे दिव्याभोवती रांगेत लागल्यासारखे दिसतात आणि डोळ्याला वर्तुळ भासतं. घासून घासून जुन्या झालेल्या स्टीलच्या ताटात दिवा बघा, तिथंही हेच दिसेल. पुसताना हात सरळच फिरवावा, ते बरं. एखादा कण अडकला तर एकाच दिशेला एकच चरा पडतो. पण सरळ हात फिरवला म्हणजे चरे पडणारच नाहीत, हा भ्रम आहे.

मग चरे पडतात कशानं? पाण्यानं नाही, शॅम्पूनं नाही, चांगल्या फडक्यानंही नाही. फडका आणि रंग यांच्यामध्ये जो कण अडकतो, त्यानं पडतात. धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ. खनिजांची कठीणता मोजायच्या मोहस पट्टीवर क्वार्ट्झ ७ वर आहे आणि साधी खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे जो कण काचेलाही ओरखडा काढू शकतो, तो आपण गाडीवर बोटांच्या जोरानं रगडतो. आणि गाडीचा वरचा थर काच नाहीच, ते एक प्रकारचं प्लास्टिक आहे. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. तुम्ही जपायला निघालात तो थर केसापेक्षा पातळ आहे, एवढं लक्षात ठेवून बादली हातात घ्या.

म्हणून मी धुण्याला दोन भागांत बघतो. हात लावण्याआधीचं धुणं आणि हात लावल्यानंतरचं. लोक सगळं लक्ष दुसऱ्या भागावर देतात. खरी बाजी पहिल्या भागात मारायची असते. गाडी सावलीत उभी करा. बॉनेट हाताला गरम लागत असेल तर थांबा, नाहीतर शॅम्पू जागच्या जागी वाळतो. चाकं आधी उरकून घ्या, त्यांची बादली आणि ब्रश वेगळा. ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी चाकांवर बसलेली असते आणि तो ब्रश चुकूनही दाराला लागू द्यायचा नाही. मग टपापासून खाली भरपूर पाणी सोडा. पाण्याचा प्रेशर पंप असेल तर नोझल हातभर लांब ठेवा, आणि रंगाचा टवका उडालेल्या जागी धार मारू नका, कडा उचलली जाते. फोम मारता आला तर उत्तम. तो फोम काही जादू करत नाही, त्याचं काम मळ भिजवून सैल करायचं. पाचेक मिनिटं तसाच राहू द्या, वाळायच्या आत धुऊन टाका. जी धूळ पाण्याबरोबर आपणहून वाहून गेली, तिच्यावर हात फिरवायची वेळच येत नाही.

आता हात लावायचा. दोन बादल्या, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. दोन्हींच्या तळाशी जाळी. वॉश मिट, म्हणजे हातात घालायचा लांब केसाळ मायक्रोफायबरचा मोजा, शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग आधी नुसत्या पाण्यात जाळीवर घासून खळबळून घ्यायचा, आणि मगच परत शॅम्पूत. लोकांना हा नखरा वाटतो. मी त्यांना एकच सांगतो, गाडी धुऊन झाली की नुसत्या पाण्याची बादली पाच मिनिटं निवळू द्या आणि पाणी हळूच ओतून टाका. तळाशी जी वाळू उरेल ती चिमटीत धरून चोळून बघा. एकाच बादलीत काम उरकलं असतं, तर ती सगळी पुन्हा बॉनेटवर गेली असती.

दाब द्यायचा नाही. मिटच्या स्वतःच्या वजनाएवढाच पुरे. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी दारांच्या खालच्या पट्ट्या आणि मागचा बंपर, कारण चिखल तिथंच असतो. स्पंज मला आवडत नाही. त्याचा पृष्ठभाग सपाट, कण आत शिरायला जागाच नाही, म्हणून तो कण रंगावरच घसटत राहतो. मायक्रोफायबरचे तंतू इतके बारीक असतात की ९,००० मीटर लांबीचा तंतू एक ग्रॅमदेखील भरत नाही. कण त्या तंतूंच्या आत ओढला जातो, हाच त्याचा उपयोग. पण तोच गुण उलटतोसुद्धा. मायक्रोफायबर जमिनीवर पडला की संपला. नुसता झटकून परत गाडीला लावायचा नाही. बाजूला ठेवायचा, घरी वेगळा धुवायचा, फॅब्रिक कंडिशनर न घालता. कंडिशनरनं तंतूंवर थर चढतो आणि फडका पाणी शोषेनासा होतो.

भांड्यांच्या साबणाबद्दल नेहमी विचारलं जातं. त्यानं रंग जळत वगैरे नाही. पण तो तेलकटपणा काढायला बनवलाय, तेव्हा तुम्ही लावलेलं वॅक्सही तो काढायला लागतो. गाडीचा शॅम्पू निसरडा असतो, आणि आपल्याला तो निसरडेपणाच हवा असतो.

पाणी कमी असेल त्यांच्यासाठी रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाणी मारावं न लागणारं धुणं, असा प्रकार आहे, बादलीभर पाण्यात झाकणभर द्रावण. फडके आठ-दहा लागतात, सगळे त्यात भिजलेले. फडका दोनदा दुमडला की त्याच्या आठ बाजू होतात. एका बाजूनं एकच हात फिरवायचा आणि पालटायचं. वापरलेला फडका परत बादलीत बुडवायचा नाही. गाडीवर नुसती धूळ असेल तर मी स्वतः हेच करतो. चिखल असेल तर मात्र नाही.

पुसण्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि निम्मे चरे मला वाटतं तिथंच पडतात. मोठा जाड टॉवेल बॉनेटवर पसरायचा, वरून हलकेच थोपटायचा आणि उचलायचा. पाणी तसंच वाळू दिलं तर त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहतो आणि पांढरे डाग बसतात. ताजे डाग निम्मं पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरनं निघतात, नंतर तो भाग धुऊन टाकायचा. जुने डाग रंगात उतरलेले असतात, त्यांना व्हिनेगर पुरत नाही.

पक्ष्यांची विष्ठा ही एक वेगळीच गोष्ट. ती आम्लधर्मी असते, शिवाय उन्हात क्लिअर कोट तापून मऊ होतो आणि गार होताना त्या डागाभोवती आवळला जातो. म्हणून संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. पण नखानं खरवडूही नका, त्यात बिया आणि वाळू असते. ओला फडका त्यावर दहा मिनिटं ठेवा, मग नुसता उचला. या बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा मंद डाग दिसेल, तो मी नखानं केलाय.

आता संरक्षण. इथं दुकानदारीची भाषा फार, म्हणून थोडक्यात बोलतो. कार्नोबा वॅक्स हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. दिसतं सुंदर, टिकतं काही आठवडे. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतो. सिरॅमिक कोटिंग त्याहून जास्त, काही वर्षं. पण त्याचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. कोटिंगची कठीणता '९ एच', म्हणजे जणू हिरा, असं सांगितलं जातं. ते ९ एच हे पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचं माप आहे, मोहस पट्टीशी त्याचा संबंध नाही. कोटिंगमुळे मळ कमी चिकटतो आणि धुणं सोपं जातं, हे खरं. वाळूचे चरे मात्र त्यावरही पडतात. दगडाचा मार सोसायचा असेल तर पीपीएफ, म्हणजे दीडेकशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म, तेवढीच कामाची.

यातलं काहीही लावण्याआधी हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवर बोटं फिरवा. जे उघड्या हाताला गुळगुळीत वाटत होतं ते खरखरीत लागेल. ते रुतलेले कण. त्यासाठी क्ले बार, म्हणजे असे कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी, आणि तोही भरपूर वंगण मारूनच. क्ले खाली पडला तर फेकून द्या, महाग असला तरी.

आणि आधीच पडलेले चरे? त्यावर नख अडकलं तर पॉलिशच्या नादी लागू नका, तो चरा फार खोल आहे. नख अडकलं नाही तर पॉलिशनं जाईल. पण पॉलिश चरा भरत नाही, आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या पातळीला आणतं. दर खेपेला थोडा थोडा थर कमी होतो. उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणारं द्रव्यही याच थरात असतं. म्हणून चकाकीच्या हौसेसाठी दर सहा महिन्यांनी पॉलिश करणाऱ्यांना मी हात जोडतो.

या बॉनेटचा उजवा अर्धा भाग मी कालच पॉलिश करून ठेवलाय, मधोमध चिकटपट्टी लावून. पाच-पाच जण पुढे या, टॉर्च इथंच आहे, दोन्ही बाजूंवर धरून बघा. पिशव्याही ठेवल्यात. हात लावायला हरकत नाही, फक्त अंगठ्या तेवढ्या काढून या.