निकालपत्र नव्हे, रात्री मोजा

मंडळी, अमेरिकेत घटस्फोटानंतर एकाच मुलाला आई आणि वडील दोघांनीही आपापल्या टॅक्स रिटर्नमध्ये अवलंबित म्हणून दाखवलं तर काय करायचं, हा आजचा विषय. त्याकडे येतोच. आधी एक गैरसमज काढायला हवा, कारण बरीचशी भांडणं तिथूनच सुरू होतात.

घटस्फोटाच्या निकालपत्रात लिहिलेलं असतं: सम वर्षी मूल वडिलांच्या रिटर्नमध्ये, विषम वर्षी आईच्या. वकिलाची एवढी फी भरून मिळवलेला कागद, माणूस त्यावर विसंबणारच. पण आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, त्या कागदाला बांधील नाही. निकालपत्र 2008 नंतरचं असेल तर त्याची पानं रिटर्नला जोडून भागत नाही. फॉर्म 8332, म्हणजे ‘मूल दुसऱ्या पालकानं दाखवावं’ असं लिहून देणारा फॉर्म, लागतो, आणि त्यावर सही करायची ती मूल ज्याच्याकडे जास्त रात्री राहिलं त्या पालकानं. सही दिली नाही तर दाद राज्याच्या कोर्टात मागायची, आयआरएस त्यात पडत नाही. या गोष्टीचा मला खरंच राग येतो. ‘दरवर्षी 31 जानेवारीपर्यंत 8332 सही करून द्यावा’ एवढी एक ओळ निकालपत्रात घातली असती तर किती घरांचा मनस्ताप वाचला असता!

तेव्हा रात्री मोजा. वर्षाच्या 365 रात्रींपैकी 183 ज्याच्याकडे, तो ताबा असलेला पालक. लीप वर्षी 183-183 अशी बरोबरी झाली, तर ज्याचं समायोजित एकूण उत्पन्न जास्त, तो. 31 डिसेंबरची रात्र सरत्या वर्षात धरायची. रात्रपाळी करणाऱ्या पालकासाठी मात्र रात्रींऐवजी दिवस मोजतात.

आता आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. मूल उन्हाळ्यात सहा आठवडे पुण्याला आजीकडे गेलं, त्या रात्री कोणाच्या? एरवी त्या रात्री मूल ज्याच्याकडे असतं, त्याच्या. तिकीट कोणी काढलं, सोबत कोणाची आई होती, याला किंमत नाही. मूल कोणाकडे असतं हे ठरवताच आलं नाही, तर ती रात्र दोघांच्याही खात्यात नाही. म्हणून ताब्याचं वेळापत्रक लेखी हवं आणि कॅलेंडर 1 जानेवारीपासून भरायला हवं. एप्रिलमध्ये आठवून भरलेल्या कॅलेंडरवर कोण विश्वास ठेवणार?

आणखी एक. 8332 दिल्यानं सगळंच जात नाही. चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे करात मिळणारी सूट, जातं, 2025 साठी 17 वर्षांखालच्या मुलामागे 2,200 डॉलरपर्यंत. पण हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्यानं घर चालवणाऱ्यासाठी कमी कराचा वर्ग), अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाई असणाऱ्यांसाठीची सूट) आणि पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिट, पात्रता असेल तर, ताबा असलेल्या पालकाकडेच राहतं. सही केली म्हणून हेही सोडून देणारे लोक आहेत, आणि ते हकनाक पैसे गमावतात.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय भराभर सांगतो.

ई-फाइल केलेलं रिटर्न ‘हे मूल आधीच दाखवलं आहे’ म्हणून परत आलं, तर घाबरून मुलाचं नाव काढू नका. समोरच्यानं आधी भरलं, एवढाच त्याचा अर्थ. आयआरएसच्या संकेतस्थळावरून सहा आकडी आयपी पिन, म्हणजे रिटर्न तुमचंच आहे हे पटवणारा गुप्त क्रमांक, घ्या. 2024 च्या रिटर्नपासून मुख्य करदात्याचा हा पिन असेल तर ते ई-फाइलनं स्वीकारलं जातं. पिन मिळत नसेल तर छापून, सही करून पोस्टानं पाठवा.

पुढे दोघांनाही सीपी87ए ही, ‘हे मूल दुसऱ्या कोणीही दाखवलं आहे’ असं सांगणारी नोटीस येऊ शकते. चूक आपली असेल तर 1040-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून दुरुस्त करा, नसेल तर काहीच करू नका. दोघंही अडून बसले तर पोस्टानं तपासणी होते. तेव्हा मुलाचं नाव, तुमचा पत्ता आणि तारखा असलेली शाळेची, डॉक्टरची किंवा पाळणाघराची पत्रं लागतात. इथं हमखास एक चूक होते: लोक एकाच शालेय वर्षाचं पत्र देतात. टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, त्यामुळे दोन शालेय वर्षांच्या नोंदी द्या.

हरणाऱ्याला क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं, वर 20 टक्के दंड बसू शकतो. नियम बेपर्वाईनं डावलल्याचं ठरलं तर ते क्रेडिट दोन वर्षं बंद, फसवणूक ठरली तर दहा.

आणि 8332 वर एकाच वर्षापुरती सही करा. पुढच्या सगळ्या वर्षांसाठी दिलेली सही त्याच फॉर्मच्या तिसऱ्या भागात मागे घेता येते, पण समोरच्याला प्रत दिल्याच्या पुढच्या वर्षापासून. डिसेंबर 2025 मध्ये प्रत दिलीत तर 2026 चं रिटर्न तुमचं. जानेवारी 2026 मध्ये दिलीत तर थेट 2027 चं.