आईला गरगरतंय, कायतरी द्या

श्रोतेहो, नमस्कार.

परवा कोल्हापुरात गंगावेशीत औषधाच्या दुकानात उभा होतो. पुढचा पोरगा म्हणाला, "आईला गरगरतंय, कायतरी द्या." दुकानदारानं विचारलं, "शुगर हाय? गोळी घेतली का? खाल्लंय काय?" पोरगा गप्प. फोन लावला. आई म्हणाली, गोळी सकाळीच घेतली, पण शुक्रवार, अंबाबाईचा उपास. पोटात नुसता बिनसाखरेचा चहा. दुकानदारानं औषध दिलंच नाही. "उपाशीपोटी गोळीनं शुगर उतरली असंल. आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजायला सांग. पंधरा मिनिटांनी मशीनवर तपासा. सत्तरच्या खाली असंल तर परत साखर. आणि शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा."

आपल्याकडं आजार एकट्याचा नसतोच. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, एक पेशंट आणि संगं चारजण. पुण्याची लेक मोबाईलवर वाचते, सून गोळ्या देते, मुलगा डॉक्टरांशी बोलतो. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा. ज्याचं दुखतंय तो खाटेवर बसून सगळ्यांची तोंडं बघतो.

वडिलांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, वाढलं तेव्हा मीही हेच केलं. रिपोर्टचा फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. त्यांना न विचारता, हे आता कबूल करतो. संध्याकाळपर्यंत इचलकरंजीच्या आत्यापासून मुंबईच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांना पप्पांची किडनी माहीत. पालक बंद, टोमॅटो बंद, कुणाचा कसलातरी काढा सुरू. पांढरा रस्सा बंद करा म्हणायची हिंमत मात्र एकाचीही झाली नाही!

आठवड्यानं दवाखान्यातल्या सिस्टरनी बीपी बघता बघता थेट पप्पांनाच विचारलं, "काका, गुडघ्याला काय घेता?" पप्पांनी खिशातनं पाकीट काढलं. वेदनाशामक गोळ्या, रोज दोन, वर्षभर, दुकानातनं परस्पर. बीपी असलेल्या माणसानं अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्या की किडनीवर ताण येतो. मी गावभर विचारत फिरलो होतो, एक पप्पा सोडून.

"तुम्ही सांगितलं का नाही?" म्हटलं.

"इचारलंस कधी?"

आता दवाखान्याला निघताना घरातली सगळी पाकिटं, रिकामीसुद्धा, एका पिशवीत घेतो. गुडघ्याच्या तेलाची बाटली तेवढी पप्पा स्वतःच्या हातानं टाकतात.