चिखलातून परत आलेले फोटो

श्रोतेहो, नमस्कार.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंपापाठोपाठ त्सुनामी आली आणि गावेच्या गावे वाहून गेली. ढिगारे उपसताना लोकांना चिखलात ठिकठिकाणी फोटोंचे अल्बम सापडू लागले. ते कुणी टाकून दिले नाहीत. स्वयंसेवकांनी एकेक फोटो हलक्या हाताने पाण्यात धुतला, चिमट्यांनी दोरीवर वाळत घातला आणि धनी ओळखून घेऊन जातील अशा रीतीने मांडून ठेवला. या कामात फूजीफिल्म कंपनीचे कर्मचारीही होते. घरदार गमावलेली माणसे तिथे येऊन आपल्या माणसांचे चेहरे शोधत होती.

हे शक्य झाले ते फोटो कागदावर होते म्हणून. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असते. स्टुडिओत कॉपी काढताना हा कागद मुळातच पाण्यातून जातो, त्यामुळे काही काळ भिजणे तो सोसतो. चिखलातले जिवाणू जिलेटिन खातात खरे, पण सुरुवात बहुधा कडांपासून करतात, आणि चेहरे सहसा मध्यभागी असतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या कितीतरी घरांत पुराचे पाणी शिरले होते, म्हणून हे आपणही जाणून घ्यायला हवे. भिजलेले फोटो एकमेकांवर वाळू देऊ नयेत, कारण एकदा चिकटले की ते सोडवताना चित्र उखडते. ओले असतानाच ते सुटे करावेत, स्वच्छ थंड पाण्यातून काढावेत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेले फोटो मात्र धुऊ नयेत. त्यांची शाई पाण्यात पसरते.

लोक एकमेकांशी जोडले जात आणि फोटो टाकत, ती ऑर्कुट नावाची वेबसाइट आठवत असेल. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. फोटो उतरवून घेण्याची सोय पुढेही काही काळ होती, पण त्यासाठी मुदतीच्या आत कुणीतरी आठवणीने ते करणे भाग होते. कागदी फोटोला अशी मुदत नसते. ट्रंकेच्या तळाशी चाळीस वर्षे पडून राहिलेला फोटो, ज्याला तो आहे हेही ठाऊक नव्हते त्या नातवाच्या हाती लागतो, आणि तो पाहायला ना पासवर्ड लागतो, ना यंत्र. मला छापील फोटोचे सर्वांत मोठे मोल यातच वाटते.

कागदही अमर नाही. कृष्णधवल फोटोतले चित्र चांदीच्या कणांचे असते आणि नीट धुतलेली कॉपी शंभर वर्षेही टिकते. सत्तरच्या दशकातले अनेक रंगीत फोटो मात्र निळसर रंगद्रव्य विरल्यामुळे आज तांबूस दिसतात. तरीही त्यांतली माणसे ओळखू येतात.

म्हणून मोबाइलमधल्या हजारो फोटोंतून वर्षाकाठी पंचवीस-तीस तरी निवडून छापून घ्यावेत, आणि जुन्या फोटोंतली नावे थोरल्यांना आजच विचारावीत, कारण मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण, हे सांगू शकणारे घरात बहुधा एकच माणूस उरलेले असते. नाव कळले की मऊ पेन्सिलीने फोटोच्या पाठीवर, कडेला लिहावे. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल, तर वेगळ्या चिठ्ठीवर नाव, गाव आणि साल लिहून ती फोटोसोबतच ठेवावी.