लॉनी स्मिथ दुसऱ्या बेसवर थबकला तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो.

आज मी तुमच्याशी १९९१ सालच्या वर्ल्ड सिरीजबद्दल बोलणार आहे. अमेरिकेतल्या बेसबॉलची ही अंतिम मालिका. सात सामन्यांची, आणि ज्याचे चार विजय आधी तो विजेता. त्या वर्षी समोरासमोर होते मिनेसोटा ट्विन्स आणि अटलांटा ब्रेव्हज. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली, सातवा सामना नऊ इनिंगमध्ये संपेना म्हणून दहावी इनिंग खेळावी लागली, आणि त्या अख्ख्या सामन्यात दोन्ही संघांचा मिळून रन झाला एक. तो ट्विन्सचा.

हरलेल्या ब्रेव्हजच्या बाजूने एक नाव तेव्हापासून पुन्हा पुन्हा घेतलं जातं, लॉनी स्मिथ. तो नीट धावला असता तर ब्रेव्हज जिंकले असते, असं म्हणतात. मला ते मान्य नाही. त्यासाठी मालिका सुरुवातीपासून बघायला हवी.

ज्यांनी शाळेत सॉफ्टबॉल खेळलाय त्यांना हे माहीत असेलच, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. नऊ इनिंग. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात, तीन बाद झाले की बाजू बदलते. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टाकलेला चेंडू टोलवून पहिला, दुसरा, तिसरा बेस करत होम प्लेटवर परत आलं की एक रन. बरोबरीवर सामना सोडत नाहीत. नऊ इनिंगनंतर गुणफलक सारखा असेल तर दहावी, अकरावी, बारावी, कुणीतरी पुढे जाईपर्यंत.

आता हे दोन संघ. आदल्या वर्षी, १९९० मध्ये, दोघेही आपापल्या गटात तळाला होते. अगदी शेवटचे. ब्रेव्हजनी तर त्या हंगामात ९७ सामने गमावले होते. आणि एका वर्षात ट्विन्सनी ९५ आणि ब्रेव्हजनी ९४ सामने जिंकून दोघेही अंतिम मालिकेत. त्याआधी कुठलाही संघ तळातून पुढच्याच वर्षी तिथवर पोचला नव्हता, आणि इथे एकाच वर्षी दोन पोचले. दोन्ही शहरांत लोक वेडे झाले होते यात नवल नाही.

ट्विन्सचं मिनिआपोलिसमधलं तेव्हाचं मैदान म्हणजे मेट्रोडोम. बंदिस्त. कापडासारखं छत, तेही आतल्या हवेच्या दाबावर फुगवून तोललेलं, आणि खाली कृत्रिम गवत. पन्नास हजारांहून जास्त लोक पांढरे रुमाल फडकवत ओरडायला लागले की तो आवाज छताला आपटून पुन्हा खाली यायचा. शेजारी उभ्या असलेल्या खेळाडूची हाक ऐकू यायची नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. अटलांटाचे प्रेक्षक हाताने कुऱ्हाड चालवल्यासारखी खूण करत एका सुरात गायचे. मूळ अमेरिकन लोकांना तो आपला अपमान वाटला. त्यांच्या हक्कांसाठी लढणारी अमेरिकन इंडियन मूव्हमेंट ही संघटना १९६८ मध्ये मिनिआपोलिसमध्येच स्थापन झालेली. मेट्रोडोमबाहेर निदर्शनं झाली. खेळाच्या गजरात ती बाजूला पडली, पण त्यांची तक्रार रास्त होती.

पहिला सामना ट्विन्सनी ५-२ असा घेतला. दुसराही त्यांचाच, ३-२. त्या दुसऱ्या सामन्यात ब्रेव्हजचा रॉन गँट पहिल्या बेसवर परतत असताना ट्विन्सच्या धिप्पाड केंट हर्बेकने चेंडू झेलता झेलता त्याचा पायच बेसवरून उचलला. निदान ब्रेव्हजचे चाहते तसंच म्हणतात, आणि चित्रफीत बघून मलाही तसंच दिसतं. पंचांनी गँटला बाद दिलं. आणि ब्रेव्हज एका रनने हरले.

मालिका अटलांटाला गेली. तिसरा सामना बारा इनिंग चालला, चार तासांहून जास्त. ट्विन्सचे प्रशिक्षक टॉम केली यांचे राखीव बॅटर संपले. बेसबॉलच्या दोन लीग, त्यांचे विजेते या मालिकेत भिडतात. ट्विन्सच्या अमेरिकन लीगमध्ये पिचरच्या जागी दुसरा कुणी बॅटिंग करायचा, ब्रेव्हजच्या नॅशनल लीगमध्ये मात्र तेव्हा पिचरलाच बॅट धरावी लागे, आणि अंतिम मालिकेत ज्याचं मैदान त्याच्या लीगचा नियम. त्यामुळे बाराव्या इनिंगमध्ये, तिन्ही बेसवर माणसं उभी असताना, ट्विन्सतर्फे बॅट घेऊन आला रिक अ‍ॅगिलेरा, ज्याचं काम शेवटच्या इनिंगमध्ये चेंडू टाकायचं. त्याचा उंच फटका झेलला गेला. त्यानंतर तोच पिचिंगला उभा राहिला आणि ब्रेव्हजच्या मार्क लेम्कीने विजयी फटका मारला. ५-४.

लेम्की हा काही मोठा बॅटर नव्हता, त्याला संघात ठेवलं होतं ते मुख्यतः फिल्डिंगसाठी. पण चौथ्या सामन्यातही नवव्या इनिंगमध्ये तोच तिसऱ्या बेसवर पोचला आणि जेरी विलर्डच्या उंच फटक्यावर घरी धावत सुटला. ट्विन्सचा कॅचर, म्हणजे होम प्लेटमागे चेंडू पकडणारा, ब्रायन हार्पर चेंडू घेऊन आडवा आला, दोघांची धडक झाली, पण हार्परने त्याला चेंडू लावलाच नव्हता. ३-२, ब्रेव्हज. पाचवा सामना त्यांनी १४-५ असा सहज घेतला. त्यावर बोलण्यासारखं फारसं नाही.

सहाव्या सामन्यासाठी पुन्हा मेट्रोडोम. ट्विन्स हरले तर संपलं. सामन्याआधी कर्बी पकेटने सहकाऱ्यांना सांगितलं होतं, आज सगळा भार माझ्यावर टाका. आणि त्याने तो वाहिला. पकेट ठेंगणा, गोल अंगाचा. त्याला बघून मैदानात सर्वांत मोठं अंतर धावणारा सेंटर फिल्डर हाच असेल असं कुणाला वाटणार नाही. तिसऱ्या इनिंगमध्ये गँटचा फटका डाव्या बाजूच्या भिंतीकडे निघाला. पकेटने धावत जाऊन काचेसारख्या प्लॅस्टिकच्या त्या भिंतीवर झेप घेतली आणि चेंडू पकडला. नंतर सामना ३-३ असा अकराव्या इनिंगमध्ये गेला. ब्रेव्हजचे प्रशिक्षक बॉबी कॉक्स यांनी चार्ली लीब्रांटला पिचिंगला आणलं. पहिलाच बॅटर पकेट. होम रन! ४-३. टीव्हीवर समालोचन करणारे जॅक बक एवढंच म्हणाले, उद्या रात्री पुन्हा भेटू.

आणि ती रात्र, २७ ऑक्टोबर.

ट्विन्सचा पिचर जॅक मॉरिस, ३६ वर्षांचा, मिनेसोटातल्याच सेंट पॉलचा. ब्रेव्हजचा पिचर जॉन स्मोल्ट्झ, २४ वर्षांचा, मिशिगनमध्ये वाढलेला. मॉरिस अनेक वर्षं मिशिगनच्याच डेट्रॉइट टायगर्सचा मुख्य पिचर होता, त्यामुळे लहानपणी स्मोल्ट्झ ज्याला पाहत मोठा झाला तो हाच मॉरिस. आता दोघे एकमेकांसमोर, आणि दोघांपैकी एकही रन द्यायला तयार नाही. एक इनिंग, दोन, चार, सात. ०-०. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मनाला शून्य म्हणजे काहीच घडलं नाही असं वाटतं. पण इथे प्रत्येक इनिंगगणिक पुढच्या एका चुकीची किंमत वाढत जात होती, आणि मैदानातला प्रत्येकजण ते जाणून होता.

आठवी इनिंग. ब्रेव्हजची बॅटिंग. लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर पोचला, एकही बाद नाही. पुढचा टेरी पेंडलटन, त्या वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. मॉरिसने चेंडू टाकला आणि त्याच क्षणी स्मिथ दुसऱ्या बेसकडे सुटला. पेंडलटनचा फटका डाव्या बाजूला, दोन फिल्डरांच्या मधून थेट भिंतीकडे. इतक्या लांबच्या फटक्यावर स्मिथ चालत चालत घरी पोचला असता. पण ट्विन्सच्या चक नॉब्लॉकने रिकाम्या हातांनी चेंडू उचलून फेकल्याचं सोंग केलं, आणि ग्रेग गॅग्नी तो झेलायला बेसवर आल्यासारखा सरकला. स्मिथ दुसऱ्या बेसपाशी थबकला, इकडेतिकडे बघितलं, आणि चेंडू कुठे आहे हे कळेपर्यंत त्याला तिसऱ्या बेसपर्यंतच जाता आलं.

स्मिथ पुढे सांगत राहिला की आपण सोंगाला फसलो नाही, चेंडूच नजरेतून सुटला होता. माझा त्याच्यावर विश्वास आहे. धावताना त्याने बॅटकडे वळून बघितलं नव्हतं, ही खरी चूक, आणि ती त्याचीच. पण पांढरं छत, पांढरे रुमाल आणि हाक ऐकू न येणारा तो कल्लोळ यांच्यामध्ये चेंडू हरवणं कुणाचंही होऊ शकतं. खरं कौतुक नॉब्लॉकचं करायला हवं. तेव्हा तो पहिल्याच हंगामातला, २३ वर्षांचा मुलगा होता, आणि चेंडू आपल्या हातात नसतानाही आपण काहीतरी करू शकतो हे त्याला सुचलं.

मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. स्मिथ तिसऱ्या बेसवर, पेंडलटन दुसऱ्यावर, आणि बाद अजून शून्य. गँटचा फटका थेट हर्बेकच्या हातात, एक बाद, स्मिथ जागेवर. डेव्हिड जस्टिसला मॉरिसने मुद्दाम पहिल्या बेसवर जाऊ दिलं, तिन्ही बेस भरले; बेस भरलेले असले की एकाच चेंडूवर दोघांना बाद करणं सोपं जातं. मग सिड ब्रीमने जमिनीलगत मारलेला चेंडू हर्बेककडे गेला, हर्बेकने तो कॅचर हार्परकडे फेकून स्मिथला बाद केलं, आणि हार्परने तो परत हर्बेककडे फेकून ब्रीमला. संपली इनिंग. एक उंच, लांब फटका बसून झेलला गेला असता, तरी त्यानंतर स्मिथ घरी धावला असता आणि रन आला असता. तो दोन उत्तम बॅटरांना जमला नाही, कारण समोर मॉरिस होता. मग एकट्या स्मिथलाच का धरायचं?

त्याच इनिंगच्या उत्तरार्धात ट्विन्सनेही तिन्ही बेस भरले, आणि त्यांचीही दुहेरी बादमुळे तशीच निराशा झाली. नवव्यानंतर केली मॉरिसला बदलायच्या विचारात होते. मॉरिसने ऐकलं नाही, तो दहाव्या इनिंगलाही उभा राहिला. एकूण १२६ चेंडू, दहा इनिंग, शून्य रन.

दहाव्याच्या उत्तरार्धात डॅन ग्लॅडनची बॅट मोडली. चेंडू हलकेच पुढे पडला आणि कृत्रिम गवतावर उंच उसळला. एरवी तो एका बेसचा फटका. ग्लॅडन पहिल्या बेसवर थांबलाच नाही, जीव तोडून दुसरा बेस गाठला. नॉब्लॉकने हळूच टेकवलेल्या चेंडूवर तो तिसऱ्यावर. पकेट आणि हर्बेक यांना ब्रेव्हजनी मुद्दाम पहिल्या बेसवर जाऊ दिलं आणि बाहेरचे फिल्डर जवळ बोलावले. गुडघा दुखावलेला जीन लार्किन बॅटिंगला आला. त्याने आलेहांद्रो पेन्याचा पहिलाच चेंडू फिल्डरांच्या डोक्यावरून मारला. ग्लॅडन नाचत घरी आला. १-०.

सातपैकी पाच सामने एका रनने सुटले, तीन जादा इनिंगमध्ये गेले, आणि सातही यजमानांनी जिंकले. सातवा सामना कुठे व्हायचा हे तेव्हा कामगिरीवर नव्हे, दोन लीगमध्ये आलटून पालटून ठरायचं; त्या वर्षी पाळी अमेरिकन लीगची होती. मालिकेतल्या सगळ्या रन मोजल्या तर ब्रेव्हजच्या २९, ट्विन्सच्या २४.

आणि लॉनी स्मिथ काही नवशिका नव्हता. त्याआधी त्याने तीन वेगवेगळ्या संघांकडून वर्ल्ड सिरीज जिंकली होती, १९८० मध्ये फिलाडेल्फिया, १९८२ मध्ये सेंट लुईस, १९८५ मध्ये कॅन्सस सिटी. १९९२ मध्ये ब्रेव्हज पुन्हा अंतिम मालिकेत आले, या वेळी टोरंटोविरुद्ध, आणि जॅक मॉरिस आता टोरंटोचा पिचर होता. पाचव्या सामन्यात पुन्हा मॉरिस विरुद्ध स्मोल्ट्झ. पाचव्या इनिंगमध्ये दोन बेसवर ब्रेव्हजची माणसं असताना मॉरिसने जस्टिसला मुद्दाम पहिल्या बेसवर जाऊ दिलं. तिन्ही बेस भरले आणि बॅट घेऊन आला लॉनी स्मिथ. त्याने चेंडू मैदानाबाहेर मारला. एका फटक्यात चार रन. ब्रेव्हज तो सामना ७-२ असा जिंकले. मालिका पुढे टोरंटोनेच नेली.

नमस्कार.