थंड पत्र्यावरचं रेडियम

पहाटेचे साडेपाच. कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आहे. पंचगंगेच्या काठावरचं धुकं अजून हललेलं नाही. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला एवढी मोठी ट्रॉली दिसत नाही. मागचा दिवा फुटलाय, वायर कधीच तुटलीय. आता भरवसा फाळक्यावरच्या लाल पट्टीचा. आपण तिला रेडियम म्हणतो.

तिच्यात रेडियम नसतं. काचेचे बारीक मणी किंवा प्लॅस्टिकचे सूक्ष्म लोलक असतात, आणि समोरून आलेला उजेड ते आल्या वाटेनंच परत पाठवतात. मालवाहू गाडीला पुढं पांढरी, बाजूला पिवळी आणि मागं लाल, अशी ही पट्टी लागते.

(दृश्य : रांगेतली तिसरी ट्रॉली. अर्धी सुटून लोंबणारी पट्टी.)

ही पट्टी याच हंगामातली आहे. रंगही उडालेला नाही. तरी सुटली. मालक म्हणतो, माल डुप्लिकेट निघाला. असेलही. पण आधी ती कधी आणि कशावर चिकटवली, ते बघू.

कारखान्यांचा हंगाम ऐन थंडीत चालतो. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरची पहाट १५ अंशांच्या आसपास असते, कधी त्याच्याही खाली. हिमालयाच्या मानानं ही काहीच थंडी नव्हे. मात्र रात्रभर उघड्या आभाळाखाली उभा असलेला लोखंडी पत्रा हवेपेक्षाही गार होतो. त्याच्यावर दव धरतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं पातळ. बोट फिरवलं की ओल कळते.

टेपच्या पाठीवरचा गोंद आपल्या फेव्हिकॉलसारखा वाळून घट्ट होत नाही. तो कायम मऊच राहतो, घट्ट काकवीसारखा, आणि दाबला की पत्र्याच्या बारीक खाचाखोचांत हळूहळू उतरतो. जितका उतरेल तितकी पकड. काकवी थंडीत कशी आळते, हे गुऱ्हाळाच्या मुलखात कुणाला सांगायला नको. गोंदाचंही तेच होतं. तो आळतो, खाचांत उतरत नाही, नुसता उंचवट्यांवर टेकून राहतो. लावताना वाटतं, बसली पट्टी. दोन दिवसांनी कडेनं धूळ शिरते, मग पाणी, मग पाचटाचं एखादं टोक अडकतं, आणि रस्त्यात कुठंतरी पट्टी गळून पडते.

बऱ्याच टेपना लावताना पत्रा निदान १० अंशांच्या वर लागतो. २० अंशांच्या पुढं असेल तर उत्तम. आणि हा आकडा पत्र्याचा आहे, हवेचा नव्हे. एकदा पकड नीट आली की तीच पट्टी पुढं कडाक्याची थंडीही सोसते. जपायची असते ती लावण्याची वेळ.

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर. दुपारचे बारा.)

उद्यमनगरातल्या या रेडियमवाल्यानं ट्रॉली सकाळी आठला परत पाठवली होती. "उन्हात हुबी करा, बारा वाजता या," एवढंच म्हणाला. चार तासांचं भाडं बुडतं म्हणून ड्रायव्हर कुरकुरला. त्याची कुरकुर खरी आहे. हंगामात एक खेप चुकली तर ती कोण भरून देणार? तरीही मला रेडियमवाल्याचं पटतं, कारण ती पट्टी मागून येणाऱ्या माणसासाठी असते, आणि तो इथं भांडायला उभा नसतो.

आता त्याचे हात बघा. आधी तारेचा ब्रश. पोपडे आलेला रंग आणि गंज निघालाच पाहिजे, कारण टेप रंगाला चिकटते आणि रंग पत्र्याला. रंगच सुटला तर टेप तरी काय करणार? मग स्वच्छ फडकं. ड्रायव्हरनं सवयीनं डिझेलचा बोळा पुढं केला, तो यानं बाजूला सारला. डिझेलनं मळ निघतो, पण मागं तेलाचा पातळ थर राहतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं, आणि पुसून पत्रा पूर्ण कोरडा.

ढग असले तर तो हीटगन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, फिरवतो, पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत. गॅसची ज्योत लावत नाही. जळत्या गॅसमधून पाण्याची वाफ निघते आणि गार लोखंडावर पुन्हा ओल धरते. टेपचा रोलही तो रात्री दुकानात, आत ठेवतो. ट्रॅक्टरच्या पेटीत रात्र काढलेल्या रोलचा गोंद पत्र्याइतकाच गार असतो.

पट्टी लावताना तो ती ताणत नाही. ताणलेली पट्टी आखडायला बघते आणि टोकं सोडते. फाळक्याच्या सांध्यावर कापतो, रिव्हेटभोवती कापतो, कोपरे गोल करतो. मग रबरी पट्टीनं मधून कडेकडे, अंगाचा भार देऊन दाबतो.

(दृश्य : शेजारचं फॅब्रिकेशनचं दुकान. स्टीलचं किचन काउंटर.)

शेजारी उलटी अडचण आहे. स्टीलच्या शीटवरची संरक्षक फिल्म काढायचीय. तिचा गोंद मुद्दाम कमजोर केलेला, काम झालं की सहज निघावा म्हणून. पण सकाळच्या गारठ्यात फिल्म कडक होते, झटका दिला की चिंध्या होतात आणि गोंदाचे डाग स्टीलवर राहतात. इथंही उपाय उबेचाच. शीट कोमट करायची, एक कोपरा धरायचा आणि फिल्म तिच्याच पाठीवर दुमडत सावकाश ओढायची. महिनोन्महिने उन्हात पडलेल्या शीटवर मात्र हेही पुरत नाही. ऊन त्या गोंदाचा स्वभावच बदलून टाकतं, आणि दिवस जातील तशी पकडही वाढत जाते.

ती वाढती पकड ट्रॉलीला हवी असते. अशा गोंदाची पूर्ण ताकद यायला खोलीच्या तापमानात साधारण ७२ तास जातात, थंडीत त्याहून जास्त. म्हणून रेडियमवाल्यानं जाताना बजावलं : तीन दिवस ट्रॉलीवर पाण्याचा फवारा मारायचा नाही.

(दृश्य : रात्र. कारखान्याकडं निघालेली तीच ट्रॉली.)

आमची गाडी तिच्या मागं आहे. ऊस दिसत नाही, ट्रॅक्टर दिसत नाही. हेडलाइट पडतो आणि फाळक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ पेटते. आमचा ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवतो.